ऑपरेशन फुकट, पण पिशवीखालच्या कातडीचं काय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. विषय जेवताना वाचायचा नाही, पण टाळायचाही नाही. जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांत काही माणसं अशी आहेत की त्यांची शौचाची किंवा लघवीची वाट ऑपरेशन करून पोटावर काढलेली आहे. त्याला डॉक्टर 'स्टोमा' म्हणतात. आपल्याकडे 'पोटाला पिशवी लावली' असं म्हणतात, तेही हळू आवाजात. कुणाला गुदाशयाचा कॅन्सर, कुणाचं आतडं टायफॉइडने किंवा टीबीने फुटलेलं, कुणी अपघातातून वाचलेलं. काही बाळं शौचाची जागाच नसलेली जन्माला येतात, त्यांनाही पहिल्या दिवसांत ही वाट काढून द्यावी लागते.

ही माणसं वाचली, हे खरं. त्याबद्दल सर्जनला शंभर नमस्कार. पण वाचल्यानंतर त्यांचं काय होतं? मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या बहुतेकांची पहिली तक्रार पैशाची नव्हती, लाजेचीही नव्हती. "पिशवीभोवती आग होते. कातडी सोलून निघालीय. रात्रभर झोप नाही." आणि लगेच पुढचं वाक्य, "पण हे असं होतंच म्हणे."

या 'होतंच म्हणे'विरुद्ध ही पोस्ट आहे.

असं होतंच नाही. स्टोमाभोवतीची कातडी पोटाच्या दुसऱ्या बाजूच्या कातडीसारखीच दिसायला हवी. लाल नाही, ओली नाही, खाजरी नाही. स्टोमा स्वतः लालच असतो, ओठाच्या आतल्या बाजूसारखा ओलसर. त्याला स्पर्शाची वेदना नसते. दुखतं ते त्याच्या भोवतीचं, आणि ते दुखत असेल तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: पिशवीच्या चकतीखाली मळ शिरतोय. लहान आतड्याची वाट बाहेर काढलेली असेल तर मळ पातळ असतो आणि त्यात अन्न पचवणारे रस असतात. जे रस डाळ-भाकरी पचवतात, ते कातडी कशी सोडतील? दोन-चार तास पुरतात.

बाहेरच्या देशांत हे होत नाही का? होतं. डेन्मार्कमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कायमचा स्टोमा असलेले २०२ जण तपासले. ४५ टक्क्यांच्या कातडीला त्रास होता आणि त्यातला बहुतेक त्रास मळ लागल्यामुळे झालेला होता. सगळ्यात विचार करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. ज्यांना त्रास होता त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना आपल्याला काही झालंय हेच मान्य नव्हतं आणि ८० टक्क्यांहून अधिक जण कुणाकडे दाखवायला गेलेच नव्हते. ही डेन्मार्कची गोष्ट, जिथे नर्स फोनवर मिळते. मग तळेघरची, आहुप्याची, इंगळूनची आजी कुणाला दाखवणार?

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे ऑपरेशनला पैसे लागत नाहीत, हे खरं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र आल्या, २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली, संरक्षण पाच लाखांपर्यंत गेलं. चांगलं काम आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण आयुष्मान भारतच्या नियमात डिस्चार्जनंतरचा खर्च किती दिवस धरलाय? पंधरा दिवस.

आता शरीराचं गणित बघा. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो. ती सूज उतरून तो मूळ आकाराला यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे दहाव्या दिवशी चकतीला पाडलेलं भोक सहाव्या आठवड्यात मोठं होतं. स्टोमा आणि चकतीच्या मधे उघडी कातडी राहते, त्यावर मळ साचतो, आणि आग सुरू होते. योजना पंधराव्या दिवशी हात झटकते आणि त्रास त्यानंतर उंबरठा ओलांडून आत येतो. हे कुणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. पण पॅकेज लिहिताना ऑपरेशन मोजलं, टाके मोजले, पलंगाचे दिवस मोजले. कातडी कुणी मोजली नाही.

दवाखान्यात शिकवत नाहीत का? शिकवतात, कागदावर. माझ्या चुलत्यांचं ऑपरेशन एका मोठ्या रुग्णालयात झालं, नाव घेत नाही. डिस्चार्ज कार्डावर 'बॅगची काळजी समजावली' असं छापील वाक्य होतं आणि खाली सही. प्रत्यक्षात चुलतभावाला व्हरांड्यात उभ्या उभ्या तीन-चार मिनिटांत एक चकती लावून दाखवली. चुलत्यांना स्वतःला काहीच दाखवलं नाही. घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती निघाली. मग नवीन कुठे मिळते, भोक किती पाडायचं, खाली काय लावायचं, सगळं अंधारात. शेजारच्या आजीने हळद-खोबरेल सांगितलं, कंपाउंडरने स्पिरिट सांगितलं. तेल लावलं की चकती चिकटत नाही आणि स्पिरिटने सोललेल्या कातडीवर काय होतं ते सांगायला नको.

आणि सगळ्यात पहिली चूक तर ऑपरेशनच्या आधीच होते. स्टोमा पोटावर नेमका कुठे काढायचा याची खूण आदल्या दिवशी करायची असते. माणसाला उभं करून, बसवून, वाकवून बघायचं, घडी कुठे पडते, त्याला स्वतःला जागा दिसते का, आणि मग पेनाने खूण. इमर्जन्सीत वेळ नसतो हे मान्य. पण ठरवून केलेल्या ऑपरेशनात? आपल्याकडची बाई परकराची नाडी कुठे बांधते, नऊवारीचा कासोटा कुठून जातो, म्हातारा धोतराची गाठ कुठे मारतो, टोमॅटो तोडताना, कांदे काढताना माणूस दिवसभर कसा वाकतो, भात लावताना किती वेळ ओणवा असतो, हे बघायला नको? खुर्चीत बसून खूण केली आणि घरी गेल्यावर माणूस मांडी घालून जेवायला बसला की घडी बरोबर चकतीखाली. मग ती टिकणार कशी?

आता ज्यांच्या घरात आत्ता हा त्रास चालू आहे त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही. पण या कामात मुरलेल्या नर्स जे सांगतात ते सगळीकडे सारखंच आहे आणि त्यात गुपित काही नाही.

एक. दर वेळी मोजा. पहिले दोन महिने तर नक्कीच. स्टोमाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरच जागा सुटेल एवढंच भोक पाडा. स्टोमा गोल नसेल तर पारदर्शक प्लास्टिकवर त्याचा आकार गिरवून घ्या आणि तोच साचा वापरा.

दोन. चकती ओढून काढू नका. एका हाताने कातडी दाबून धरा, दुसऱ्या हाताने वरून खाली हळूहळू सोडवा. ओढाओढीने कातडीचा वरचा पापुद्रा निघतो आणि मग सगळ्याचा दोष मळावर जातो.

तीन. कोमट पाणी आणि मऊ कापड, बास. साबण लावलाच तर साधा, आणि तो पूर्ण धुऊन काढा. डेटॉल नको, स्पिरिट नको, तेल, व्हॅसलीन, हळद, टाल्कम पावडर काहीही नको. टिपून कोरडं करा, घासू नका. केस असतील तर कात्रीने बारीक करा, उपटू नका.

चार. कातडी ओली, सोललेली असेल तर तिथे स्टोमा पावडर भुरभुरवा, जास्तीची झटकून टाका, वरून अल्कोहोल नसलेली संरक्षक फिल्म लावा, वाळू द्या. हवं तर आणखी एकदा तसाच थर द्या. मग चकती. थर जाड झाला तर चकती धरणार नाही, म्हणून पावडर झटकणं महत्त्वाचं. लावल्यावर मिनिट-दोन मिनिटं वर हात ठेवा, हाताच्या उबेने ती नीट बसते.

पाच. पेस्ट हा डिंक नाही. ती भिंतीच्या पुट्टीसारखी आहे, घडी आणि खळगे भरायला. पुष्कळ पेस्टींमध्ये अल्कोहोल असतं, सोललेल्या जागी लावली तर झोंबते.

सहा. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा. गच्च भरली तर वजनाने चकती सुटते. चकती साधारण तीन-चार दिवसांनी बदला, आणि खाली खाज किंवा आग जाणवली तर त्याच क्षणी. 'अजून दोन दिवस चालवू' म्हणून वरून टेप मारणं म्हणजे मळ आत कोंडून ठेवणं.

सात. लाल चट्टा आणि त्याच्याभोवती बारीक बारीक पुळ्या पसरल्या, खाज सुटली, तर ती बुरशी असू शकते. घामाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात जास्त. त्याला बुरशीची पावडर लागते, तीही डॉक्टरांना दाखवून. लाली नेमकी चकतीच्या किंवा टेपच्या आकाराची असेल तर त्या वस्तूची ॲलर्जी असू शकते, कंपनी बदलून बघावी लागते. स्टोमा आत ओढला गेला असेल तर फुगीर चकती आणि पट्टा मिळतो, त्याने गळती थांबू शकते.

आणि थांबायचं कुठे तेही लक्षात ठेवा. स्टोमा काळा-जांभळा पडला, रक्त थांबेना, जखम खोल गेली, किंवा वाट बंद होऊन पोट दुखू लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर घरात बसू नका. सरळ दवाखाना. लहान आतड्याचा स्टोमा असेल आणि मळ पाण्यासारखा वाहत असेल तर अंगातलं पाणी-मीठ फार लवकर जातं, तेव्हाही थांबू नका.

वाचलंत? यात कुठे एमआरआय आहे? कुठे सुपरस्पेशालिस्ट आहे? एक मोजपट्टी, एक कात्री, कोमट पाणी, पावडरीची एक बाटली आणि हे शिकवणारा एक माणूस. एवढ्यासाठी माणसं महिनोन्‌महिने सोललेल्या पोटाने जगतात.

मला काही जण म्हणाले, "पत्रकार, असे पेशंट असतील किती? पाच-पन्नास. त्यांच्यासाठी यंत्रणा उभी करायची?" माझं उत्तर असं. पहिली गोष्ट, यंत्रणा उभी करा असं मी म्हणतच नाही, एक नर्स शिकवा म्हणतोय. दुसरी गोष्ट, मोजल्याशिवाय पाच-पन्नास कसं ठरवलंत? जो माणूस वास येईल म्हणून लग्नाला जात नाही, एसटीत बसत नाही, जत्रेला घरीच थांबतो, पिशवी भरू नये म्हणून अर्धपोटी राहतो, तो तुम्हाला चौकात दिसणार कसा? तो दिसत नाही म्हणून तो नाही, हा हिशोब सोयीचा आहे.

दुसरा युक्तिवाद पैशांचा. चकती आणि पिशवीच्या जोडीला कंपनी आणि प्रकार बघून काही शे रुपये पडतात. चार दिवसांना एक धरली तरी महिन्याला सात-आठ लागतात. २०२४-२५ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या कोळी किंवा ठाकर कुटुंबाने महिन्यातले किती दिवस नुसत्या पिशवीसाठी राबायचं? म्हणून मग तीच पिशवी धुऊन पुन्हा, नाहीतर साधी प्लास्टिकची पिशवी आणि वरून फडकं बांधलेलं. ते बघून नाक मुरडणाऱ्यांनी आधी हे गणित करावं.

ब्रिटनमध्ये या वस्तू सरकारी आरोग्यसेवेतून मिळतात, कायमचा स्टोमा असणाऱ्याला प्रिस्क्रिप्शनचं शुल्कही माफ होतं. ऑस्ट्रेलियात तर १९७५ पासून यासाठी स्वतंत्र सरकारी योजना आहे. ते देश श्रीमंत, म्हणाल तुम्ही. मान्य. पण आपल्या ग्रामपंचायतीकडे स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो की नाही? असतो. तो दरवर्षी खर्च करायचाच असतो. मग अडचण कुठे आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात स्टोमाचं नाव नाही. यादीत नाव नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून निधी नाही. कायदा दिल्लीत बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ग्रामपंचायतीच्या इतर उत्पन्नातून, जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून दोन-तीन माणसांच्या पिशव्या निघणार नाहीत? कमानी आणि पेव्हर ब्लॉकला निघतात.

आता एक गोष्ट, जी वाचून मला हसावं की रडावं कळेना. स्टोमाभोवतीची कातडी वाचवायला जगात पहिल्यांदा जी गोष्ट नीट उपयोगी पडली, ती होती कराया डिंकाची. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकचे डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी तो वापरात आणला. त्यांच्याच हाताखाली नॉर्मा गिल या बाईने १९५८ पासून स्टोमाच्या रुग्णांना शिकवायचं काम सुरू केलं. ती मोठी पदवीधर नव्हती. तिला स्वतःला स्टोमा होता, त्यामुळे कुठे दुखतं हे माहीत होतं. आज जगभरच्या स्टोमा नर्स तिला आपली पहिली मानतात. आणि हा कराया डिंक येतो कुठून? आपल्या कांडोळाच्या झाडापासून. तेच ते पांढऱ्या खोडाचं झाड, ज्याला काही भागांत भुत्या म्हणतात. जगाला या डिंकाचा मोठा पुरवठा भारताच्या जंगलांतून, आदिवासींच्या हातून होत आला. आता त्याची जागा बऱ्याच अंशी नव्या पदार्थांनी घेतलीय. पण डिंक आपल्या रानातला आणि सोललेली कातडीही आपल्याच माणसाची, हे चित्र काही बरं नाही.

आपल्या देशात काहीच नाही असंही नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, तिथे या कामाचं नर्सिंग शिकवलंही जातं. मुंबईत स्टोमा असलेल्या लोकांची ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अनेक वर्षं काम करतेय. म्हणजे ज्ञान मुंबईत आहे. ते माळशेज घाट चढून वर यायला हवं, एवढंच.

म्हणून माझ्या मागण्या. साध्या आहेत, तारीख टाकून उत्तर देता येईल अशा.

मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या आणि नारायणगाव, जुन्नर, घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयांतल्या प्रत्येकी किमान एका नर्सला स्टोमाच्या काळजीचं रीतसर प्रशिक्षण द्या.

आठवड्यातला एक ठरलेला वार त्यासाठी ठेवा, बाजाराचा वार असेल तर उत्तम. माणूस बाजाराला आला म्हणून येईल, कुणाला सांगावं लागणार नाही.

पावडर, फिल्म, चकत्या आणि पिशव्या रुग्णालयाच्या औषधसाठ्यात ठेवा. पुण्याहून मागवून देतो, हे उत्तर नको. ज्याची चकती आत्ता सुटलीय तो पुण्याची गाडी कशी धरेल?

योजनेतली पंधरा दिवसांची मुदत स्टोमाच्या रुग्णांसाठी किमान तीन महिने करा. हे आमच्या हातात नाही असं अधिकारी म्हणतील. बरोबर आहे. पण दोन्ही तालुक्यांच्या आमदारांच्या हातात विधानसभेत हा प्रश्न विचारणं आहे.

आणि आशाताईंना एक दिवस शिकवा. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, मानधनासाठी त्यांना रस्त्यावर बसावं लागतं, हे माहीत आहे. म्हणून फुकट नाही, त्या कामाचे पैसे देऊन शिकवा. वाडीत कुणाच्या पोटाला पिशवी आहे हे कुणाला माहीत असेल तर त्यांनाच.

येत्या निवडणुकीआधी पुन्हा आरोग्य शिबिरं लागतील. बीपी मोजतील, चष्मे वाटतील, फ्लेक्सवर अर्धा डझन फोटो असतील. त्या मांडवात जाऊन एवढंच विचारा, "साहेब, पिशवीवाल्या पेशंटसाठी आत बसायची आडोशाची जागा आहे का, आणि चकती लावून दाखवणारी सिस्टर आहे का?" उत्तर काय येतं ते मला कळवा, मी छापतो.

ज्यांच्या घरात कुणाला हा त्रास आहे त्यांनी कमेंटमध्ये नाव लिहू नका. ती तुमची खाजगी गोष्ट आहे आणि इथे सगळं गाव वाचतं. इनबॉक्समध्ये फक्त गाव आणि कोणता स्टोमा एवढं लिहा. गावनिहाय आकडा तयार करून, एकही नाव न देता, मी तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि दोन्ही आमदारांच्या कार्यालयांत नेऊन देणार आहे. पोहोच घेणार आहे आणि पोहोचेचा फोटो इथेच टाकणार आहे. पाच निघाले तर पाच, पन्नास निघाले तर पन्नास.

आणि आज रात्री ज्यांच्या पोटावर आग होतेय त्यांनी तेवढी मोजपट्टी घेऊन चकतीचं भोक तपासा. बहुतेक ते मोठं असेल.